रिकाम्या रकान्याचं ताट

सोमवार, ३ मार्च

आज कामाचा पहिला दिवस. धाकटीने सांगितलंय, ताई, रोज काय शिकलात ते दोन ओळींत लिहीत जा, पुढे उपयोग होतो. तिच्यासाठीच्या दोन ओळी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लिहून आले: कामाची ओळख करून घेतली, सगळे मदत करतात. आता खरं काय ते इथे लिहिते. हे कुणाला दाखवायचं नाहीये.

खरं म्हणजे मला तिथे बसायची लाज वाटली. धाकटी म्हणजे माझी जाऊ, माझ्या दिराची बायको. लग्न होऊन आली तेव्हा तिला गॅसचं सिलिंडर बदलता येत नव्हतं, ते मी शिकवलं. आता ती मालकीण आणि मी तिच्याकडे शिकाऊ. ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या, चार टेबलं, आणि खालून दिवसभर चाकांत हवा भरल्याचा आवाज. मी आत गेले तर तिने सगळ्यांदेखत उठून माझ्यासाठी खुर्ची ओढली. घरी ठीक आहे गं बाई. इथे मालकिणीने खुर्ची ओढली की बाकीच्यांना कळतंच, ही कोण आणि कशी आत आली. तिला हाक काय मारायची हाही घोळच. घरी मी ‘अगं’ म्हणते. मॅडम म्हणायला गेले तर शब्द तोंडातून निघेना. मग दिवसभर हाकच मारली नाही. काही विचारायचं असलं की तिच्या टेबलाशी जाऊन उभी राहायची, ती वर बघेपर्यंत.

मी कोडिंग शिकले त्याला जमाना झाला. आता म्हणे हाताने फारसं लिहायचंच नाही, एआयला सांगायचं, तो लिहितो, आपण तपासायचं. हे म्हणाले, मग तर सोपंच, नुसते हुकूम सोडायचे. यांना सोपं आहे. मला हुकूम सोडायची सवय कुठाय?

बुधवार, ५ मार्च

मला हॉस्पिटलचं काम दिलंय. तिथे वॉर्डातली नर्स प्रत्येक खाटेपुढच्या रकान्यात आहार भरते: साधा, मऊ, पातळ, बिनमिठाचा, मधुमेहाचा. आमचा प्रोग्रॅम त्यावरून चिठ्ठ्या काढतो आणि स्वयंपाकघरात त्या ताटांवर लागतात. चालतंय तसं सगळं, पण कोड म्हणजे अडगळीची खोली. नाश्त्याचा कोड वेगळा, रात्रीच्या जेवणाचा वेगळा, तेच तेच दोनदा लिहिलेलं, आणि लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. धाकटी म्हणाली, हे एकत्र करून साफ करायचंय. एआयला एका वेळी एकच गोष्ट सांगायची, नेमकी, आणि त्याने काय केलं ते वाचूनच पुढची पायरी. मी मान हलवली. मान हलवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

आणि मी लिहिलं काय? ‘नमस्कार. वेळ असेल तर हा कोड जरा नीटनेटका करून देशील का? घाई नाही.’ मशीनला वेळ असेल तर! त्याने विचारलं, नीटनेटका म्हणजे नेमकं काय अपेक्षित आहे? आली का पंचाईत. घरात मी कधी कुणाला नेमकं काही सांगितलेलं नाही. ‘आवरा रे जरा’ म्हणायचं, ज्याला जे दिसेल ते तो आवरतो, उरलेलं मी आवरते. तेवढ्यात धाकटी मागून गेली. मी घाईघाईने दुसरीच खिडकी उघडली, चोरी करताना सापडल्यासारखी.

सोमवार, १० मार्च

जमायला लागलंय. ‘नाश्त्याच्या आणि जेवणाच्या कोडमध्ये खाटेचा नंबर वाचायचा भाग सारखा आहे, तो एकदाच लिही, दोन्हीकडे वापर’ असं सांगितलं की अगदी तसंच करून देतो. मी त्याला शहाणा म्हणते, मनातल्या मनात. मी काहीही विचारलं की म्हणतो, उत्तम प्रश्न. संसाराला इतकी वर्षं झाली, माझ्या एकाही प्रश्नाला कुणी उत्तम म्हटलेलं नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा कान गरम झाले. मग दाढीवाला सहकारी म्हणाला, तो सगळ्यांनाच असं म्हणतो हो, आणि पुन्हा कान गरम झाले, वेगळ्या कारणाने.

धाकटी दुपारी माझ्यासाठी चहा घेऊन आली. बाकी दोघं आपापला घेतात. मला नको असतं हे. सगळ्यांसमोर मोठेपणा देऊन वर आपणच मोठं व्हायचं, दुसरं काय? मी चहा घेतला आणि हसले.

मंगळवार, ११ मार्च

काम संपलं! संपत आलंच होतं, तर शहाण्याने भलामोठा प्रश्न काढला. आहाराचा रकाना रिकामा असेल तर जुन्या कोडमध्ये दोन वेगळ्या रीती आहेत, नाश्त्याला चिठ्ठीच निघत नाही आणि रात्री साध्या जेवणाची निघते, एकत्र करताना यातली कुठली ठेवायची, की तिसरंच काही करायचं? मला अर्धं कळलं. कोड उघडून बघायला हवा होता. पण धाकटी जेवायला थांबली होती, डबे उघडून बसली होती, आणि मला ‘अजून होतंय’ असं चौथ्यांदा सांगायचं जिवावर आलं. लिहून टाकलं: तुला योग्य वाटेल तसं कर. त्याने केलं. खाली काय काय केलं त्याची लांबलचक माहितीही दिली. ती वाचली नाही, हे इथे लिहायला हरकत नाही.

बुधवार, १२ मार्च

धाकटीने माझा कोड तपासला. ‘छानच झालंय ताई,’ म्हणाली. मग जरा घुटमळली आणि म्हणाली, ‘फक्त जमलं तर ते रिकाम्या रकान्याचं एकदा बघाल का? वेळ नसेल तर राहू दे. तुम्ही विचार करूनच केलं असेल.’

टोमणा कळतो मला. सासूबाईंच्या हाताखाली काढलीत वर्षं. ‘विचार करूनच केलं असेल’ म्हणजे काय ते मला नको शिकवू. मी म्हटलं, बघितलंय मी ते. ती ‘मग प्रश्नच नाही’ म्हणाली आणि मान खाली घालून कामाला लागली. उद्या नवा कोड हॉस्पिटलमध्ये चालू होईल.

संध्याकाळी यांना सांगितलं, माझं काम पास झालं. हे म्हणाले, धाकटीला सांभाळून घे हो, घरातलीच आहे. मी कुणाला सांभाळणार? पण बरं वाटलं.

गुरुवार, २० मार्च

मध्ये लिहिण्यासारखं काही नव्हतं. कोड सुरळीत चाललाय. काल हॉस्पिटलमध्ये मात्र एक गोंधळ झाला. एका आजींचं खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन होतं, सकाळी काही खायचं नाही असं बजावलं होतं, आणि बाईंनी चक्क नाश्ता केला. ऑपरेशन रद्द. सर्जन आठवड्यातून एकदाच येतात, म्हणजे आता पुढच्या बुधवारपर्यंत पडून राहा. हॉस्पिटलच्या ऑफिसातून फोन आला होता, आपल्या चिठ्ठ्यांचं सगळं ठीक आहे ना म्हणून. धाकटी काही म्हणायच्या आत तिकडूनच म्हणाले, रुग्णाने सूचना पाळली नाही, तसं आम्ही लिहून टाकलंय, तुम्ही काळजी करू नका.

फोन ठेवल्यावर सगळे सुटकेने हसलो. मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसांची जीभ काही ऐकत नाही बाई. दाढीवाला खो खो हसला. धाकटी नाही हसली. तिला माझे विनोद आवडत नाहीत बहुतेक.

शुक्रवार, २१ मार्च

कशाला बघायला गेले असं झालंय. नाही, बघायला आधीच हवं होतं.

सकाळी त्या आजींची बुधवारची नोंद काढून बघितली, उगाच, मनाच्या समाधानासाठी. आहाराचा रकाना रिकामा. आणि पुढे आमच्या प्रोग्रॅमने चिठ्ठी काढलेली: साधा आहार. तिथली नर्स काही द्यायचं नसलं की रकाना रिकामा ठेवते. जुन्या कोडमध्ये अशा खाटेची नाश्त्याची चिठ्ठीच निघायची नाही, म्हणून ताट जायचं नाही. माझ्या कोडने काढली. शहाण्याने विचारलं होतं. त्याने काय ठरवलं तेही खाली स्वच्छ लिहिलं होतं, ‘रिकामा रकाना म्हणजे पथ्य नाही असं धरलं आहे, कृपया हॉस्पिटलकडून खात्री करून घ्या.’ आज वाचलं मी ते.

म्हाताऱ्या माणसांची जीभ ऐकत नाही! माझीच जीभ झडो. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि तसाच बंद केला. धाकटीने दोनदा विचारलं, बरं वाटत नाहीये का. पित्त झालंय म्हणून सांगितलं.

कुणाला माहीत नाही. हॉस्पिटलने स्वतःच लिहून दिलंय. मी सांगितलं तर धाकटीच्या हातातून हे काम जाईल, आणि हे गेलं तर चौथं टेबल ठेवायला तिला परवडणार नाही. म्हणजे मी घरी. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं दिवसभर मनाला सांगत बसले.

शनिवार, २२ मार्च

हॉस्पिटलमध्ये गेले. धाकटीला सांगितलं, काही शंका विचारून येते. खोटं नव्हतं ते. रिकामा रकाना म्हणजे तुमच्याकडे काय, एवढंच प्रत्येकाला विचारलं. दिवसपाळीची सिस्टर म्हणाली, रिकामं म्हणजे काही द्यायचं नाही, उघडच आहे. रात्रपाळीची ड्युटी संपवून निघाली होती, ती म्हणाली, रिकामं म्हणजे कालचं तेच चालू. स्वयंपाकघराचे सुपरवायझर म्हणाले, रिकामं म्हणजे पथ्य नाही, साधं ताट लावायचं. तिघांनाही आपलंच बरोबर वाटत होतं, आणि एकमेकांना कुणी कधी विचारलेलं नव्हतं. मी वाईट म्हणजे किती वाईट असावं, तर आधी हायसं वाटलं. म्हटलं, चला, एकटी मीच नाही.

मग निघायचं सोडून पाय वॉर्डाकडे वळले. आजींच्या पायाला वजन बांधून खाटेच्या टोकाला सोडलेलं. बारीक चणीची बाई, केस नीट विंचरून घट्ट बांधलेले. खिडकीशी मुलगा पाठ करून उभा. मी म्हटलं, ताटांच्या कामासंबंधी आलेय. ताट म्हटल्याबरोबर बाईंनी हातच जोडले. म्हणाल्या, ‘माझं चुकलं हो. सांगितलं होतं मला, खायचं नाही म्हणून. पण सकाळी ताट समोर ठेवलं त्यांनी. म्हटलं, आता द्यायचं ठरलं असेल. परत कशाला विचारायचं, त्यांना किती कामं असतात.’

मुलगा तिथूनच बोलला, वळलासुद्धा नाही. म्हणाला, तेवढं एक दिवस तोंड बंद ठेवता आलं नाही तुला. मी इतक्या लांबून सुट्टी काढून आलो, ती गेली वाया, उद्या मी परत निघणार, ऑपरेशनला तू एकटी. आजूबाजूच्या खाटांवरचे सगळे ऐकत होते. बाई म्हणाल्या, हो रे, माझंच चुकलं.

मी तिथे उभी होते. दोन हातांवर. एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हटलं, काळजी घ्या, आणि बाहेर आले. जिन्यात एका पायरीवर बसले. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते हेच असणार.

सोमवार, २४ मार्च

आज शहाण्याला एकदाही ‘जमलं तर’ म्हटलं नाही. लिहिलं: आहाराचा रकाना रिकामा असेल तर कुठलीही चिठ्ठी काढायची नाही. त्या खाटेचा नंबर सिस्टरच्या पडद्यावर लाल रंगात दाखवायचा. सिस्टरने आहार निवडल्याशिवाय, किंवा ‘उपाशी ठेवायचे’ हा नवा पर्याय निवडल्याशिवाय, तो लाल रंग जाऊ द्यायचा नाही. बाकी कशालाही हात लावायचा नाही. केल्यावर काय बदललं ते मला दाखव. त्याने दाखवलं. एका ठिकाणी मला कळलं नाही, तर विचारलं, हे कळलं नाही, सोपं करून सांग. त्याने सांगितलं. आकाश कोसळलं नाही. खोट्या खाटा घालून करून बघितलं, रिकामी, भरलेली, अर्धवट. दिवसपाळी, रात्रपाळी आणि सुपरवायझर, तिघांनाही फोन करून तेच वाक्य वाचून दाखवलं आणि हो म्हणवून घेतलं.

एवढंच करायचं होतं. दोन आठवड्यांपूर्वी.

धाकटीला म्हटलं, एक छोटी सुधारणा केलीय. तिने पडद्याकडे बघितलं, बराच वेळ. मग म्हणाली, बरं झालं ताई. काही विचारलं नाही. तिच्या लक्षात आलं नाही म्हणायचं. मला वाटलं होतं सुटल्यासारखं वाटेल.

मंगळवार, २५ मार्च

आता कोड तर दुरुस्त झाला, पुन्हा कुणाच्या वाट्याला हे येणार नाही, अशी मनाची समजूत घालत संध्याकाळी आजींना भेटायला गेले. संत्री घेऊन. गुन्हेगाराने संत्री न्यावीत तशी. मुलगा परवाच गेला होता. बाई म्हणाल्या, पोचला का ते कळलं नाही, माझा फोन उचलत नाही तो. मग स्वतःच त्याची बाजू घेऊन बोलायला लागल्या, त्याचंही बरोबर आहे, कामाचा माणूस. माझ्याशी इतकं गोड बोलत होत्या की वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं. नर्स औषध द्यायला आली तर तिला म्हणाल्या, हे घेऊ ना नक्की? ती वैतागली, म्हणाली, आजी, प्रत्येक गोष्टीला काय विचारता. पाण्याचा ग्लाससुद्धा विचारून घेतात म्हणे आता.

मी आजही बोलले नाही. संत्रं सोलून दिलं. त्यांनी फोड हातात घेतली आणि मला विचारलं, चालेल ना?

बुधवार, २६ मार्च

धाकटीला सांगितलं. दाढीवाला आणि दुसरा खाली गेले होते. ‘अगं’ अशी हाक मारली आणि सगळं सांगितलं, प्रश्नापासून संत्र्यापर्यंत. सांगताना तिच्याकडे बघवलं नाही, टेबलावरच्या तिच्या पेनाकडे बघत होते.

तिचा राग ऐकायची तयारी करून गेले होते. ती म्हणाली, ‘मला माहीत होतं ताई.’

माझा कोड तपासतानाच तिच्या लक्षात आलं होतं. रिकाम्या रकान्याला साधं ताट हे चूक असू शकतं, हॉस्पिटलला विचारायला हवं, हे तिला कळलं होतं. मी विचारलं, मग सरळ का नाही बोललीस?

‘तुम्हाला कसं बोलू? दुसऱ्या कुणाचं असतं तर परत पाठवलं असतं.’ मग रडायलाच लागली. म्हणाली, फोन आला तेव्हाच मला कळलं होतं, पण तुमचं नाव येईल म्हणून गप्प बसले. आणि कामही जाईल म्हणून. दोन्ही कारणं खरी आहेत ताई, पहिलंच सांगितलं तर खोटं होईल.

म्हणजे ज्याला मी टोमणा समजले तो टोमणा नव्हता. चहा हा चहाच होता, खुर्ची ही खुर्ची. मला तिची लाज वाटत होती, तिला माझी भीती, आणि दोघींच्या मानापानात त्या बाई उपाशी राहायच्या त्या दिवशी जेवल्या. मी तिला म्हटलं, यापुढे माझं चुकलं तर चुकलं म्हण. परत पाठव. ती डोळे पुसत म्हणाली, बरं. मग म्हणाली, ताई, तुमच्या त्या रोजच्या दोन ओळीसुद्धा अगदीच काहीतरी असतात. मी म्हटलं, एका दिवसात इतकं नको.

आजींचं ऑपरेशन आज झालं. दुपारी फोन करून विचारलं, नीट पार पडलं म्हणाले.

गुरुवार, २७ मार्च

दोघी हॉस्पिटलच्या ऑफिसात गेलो. धाकटी ‘आमच्याकडून चूक झाली’ म्हणाली. मी म्हटलं, माझ्याकडून. ऑफिसर बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, तुम्ही या कामात नव्या का? माझ्या पिकलेल्या केसांकडे बघून विचारलं त्यांनी. मग म्हणाल्या, काम तुमच्या कंपनीकडेच राहील, पण ह्या बाई त्याला हात लावणार नाहीत. आणि रुग्णाबद्दल लिहिलेली ती ओळ बदलून मिळेल, लेखी कळवा. धाकटी म्हणाली, आजच कळवते.

 मला आता बियाण्यांच्या दुकानाचं काम मिळणार आहे, साठा किती उरला ते दाखवायचं. यांना सांगितलं तर हे म्हणाले, तू कशाला स्वतःहून नाव घेतलंस, धाकटी घेतच होती ना अंगावर? यांचा स्वभाव भोळा आहे, यांना ऑफिसातलं कळत नाही. पण मी जेवायचं वाढलं आणि आत जाऊन बसले, यांच्याबरोबर बसवेना.

शुक्रवार, २८ मार्च

आज आजींना सांगितलं. त्या उशीला टेकून बसल्या होत्या, पायाचं वजन काढलेलं. नुकतंच जेवण झालेलं, रिकामं ताट अजून बाजूच्या टेबलावर होतं. मी बसले नाही, उभ्यानेच सांगितलं, तुमचं काही चुकलं नव्हतं, ताट माझ्या चुकीने आलं, परवा शनिवारी मला हे माहीत होतं आणि मी बोलले नाही. परवा नाही, त्याला सहा दिवस झाले. तेही दुरुस्त करून सांगितलं.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं आता रडतील, किंवा जाऊ दे म्हणतील. मी ‘जाऊ दे’ची वाट बघत होते, खोटं कशाला बोलू.

‘मला नको सांगू,’ त्या म्हणाल्या. ‘त्याला सांग.’

नंबर तोंडपाठ होता त्यांना. माझ्या फोनवरून लावला. अनोळखी नंबर, त्याने लगेच उचलला. मी कोण ते सांगितलं आणि म्हटलं, तुमच्या आईच्या नाश्त्याबद्दल बोलायचंय. पहिलं वाक्य संपायच्या आत त्याने विचारलं, ‘आईने तुम्हाला हे बोलायला लावलं का?’

म्हटलं, ‘फोन करायला त्यांनी सांगितलं. बोलतेय ते माझं आहे. ऐका.’ आणि सांगत गेले. नर्सने रकाना रिकामा ठेवला, कारण तुमच्या आईंना काही द्यायचं नव्हतं. रिकामा असेल तर काय करायचं हे मला विचारलं गेलं होतं. मी कुणाला न विचारता, न वाचता उत्तर दिलं. त्यामुळे चिठ्ठी निघाली. चिठ्ठी निघाली म्हणून ताट आलं. ताट हॉस्पिटलच्या माणसाने समोर ठेवलं, म्हणून त्यांनी खाल्लं. एक वाक्य संपलं की थांबत होते, त्याला पोचू देत होते. कुठे ‘जरा’ नाही, ‘बहुधा’ नाही.

त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, मी तिला सगळ्या वॉर्डासमोर बोललो.

म्हटलं, ‘माहीत आहे. मी तिथेच उभी होते.’

यावर त्याने मला काही बोलायला हवं होतं. तो एवढंच म्हणाला, तिला द्या फोन.

बाईंनी दोन्ही हातांनी फोन कानाशी धरला. माझ्या फोनचा आवाज मोठा आहे, मला ऐकू आलं. त्याने विचारलं, ‘आई, जेवलीस का?’

त्यांनी रिकाम्या ताटाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, ‘हो. जेवले. त्यांनीच आणून दिलं होतं रे.’